दूध पुरतंय का? अंगावर पाजण्याविषयी, गरोदरपणापासून दूध सुटेपर्यंत

"दूध पुरत नाहीये." बाळंतिणीच्या खोलीत हे वाक्य कुणीतरी बोलतंच, आणि बहुतेक वेळा तिसऱ्या रात्री बोलतं. माझ्या पहिल्या बाळंतपणात तसंच झालं. बाळ दर अर्ध्या तासाने उठून रडत होतं. स्तन दाबून पाहिला तर दोन थेंब आले, आणि लगेच पावडरच्या दुधाची बाटली मागवली गेली. बाळ चार तास गाढ झोपलं, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सकाळी माझे स्तन दगडासारखे घट्ट झाले होते आणि बाळाला ते तोंडात धरताच येईना. दूध नव्हतं म्हणून बाटली आली, असं सगळे धरून चालले होते. खरं तर दूध त्याच रात्री उतरत होतं आणि ते ओढायला बाळ जागं नव्हतं. ती विस्कटलेली घडी पुन्हा बसायला सहा आठवडे लागले.

दुसऱ्या वेळी मला एक गोष्ट ठाऊक होती आणि पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. दूध आधीपासून साठवलेलं नसतं, ते मागणीप्रमाणे बनतं. बाळ ओढतं तेव्हा मेंदूतून दोन संप्रेरकं सुटतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करतं, ऑक्सिटोसिन ते बाहेर ढकलतं. यालाच आपण पान्हा फुटणं म्हणतो. स्तन भरलेला राहिला तर दूध बनण्याचा वेग मंदावतो, रिकामा होत राहिला तर वाढतो. म्हणून "दूध कमी आहे, बाळाला जरा वरचं देऊ आणि अंगावरचं साठू दे" हा सल्ला कितीही मायेने दिलेला असला तरी उलटा आहे. साठू दिलेलं दूध कमीच होत जातं.

गरोदरपणात काय करायचं

फार काही नाही, पण जे आहे ते वेळेवर करावं. साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यापासून स्तनांत चीक, म्हणजे अगदी पहिलं घट्टसर दूध, तयार व्हायला लागतो. काहींना थेंब दिसतात, काहींना बाळंतपणापर्यंत एकही दिसत नाही, दोन्ही ठीक. बोंडाभोवतीचा काळसर भाग गडद होतो आणि त्यावर बारीक पुटकुळ्यांसारखे उंचवटे दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी आहेत. त्या त्वचा मऊ ठेवतात आणि त्यांच्या वासाने बाळाला वाट सापडते. म्हणून तिथे साबण लावू नये. बोंडं ओढून, घासून "तयार" करण्याचीही गरज नाही. बोंड सपाट किंवा आत ओढलेलं असेल तर डॉक्टरांना दाखवून ठेवा, पण घाबरू नका. बाळ नुसतं बोंड ओढत नाही, त्यामागचा मोठा भाग तोंडात घेतं.

काही गोष्टी मात्र डॉक्टरांना आधीच सांगून ठेवाव्यात: स्तनावर पूर्वी झालेली शस्त्रक्रिया, थायरॉइड, मधुमेह, पीसीओएस (बीजांडकोशाचा, संप्रेरकांशी संबंधित विकार), नेहमीची औषधं, आणि गरोदरपणात स्तनांच्या आकारात काहीच फरक पडला नसेल तर तेही. अशा आयांपैकी काहींचं दूध उशिरा उतरतं, काहींना खरोखर कमी येतं. आधी माहीत असलं की पहिल्या दिवसापासून मदत मिळते आणि स्वतःला दोष देण्यात आठवडे जात नाहीत.

बाळंतपण जिथे होणार आहे तिथे तीन प्रश्न विचारून घ्या. जन्मल्यावर बाळ लगेच माझ्या छातीवर देणार का? ते दिवसरात्र माझ्याच खोलीत राहील का? वैद्यकीय कारण नसताना, मला न विचारता बाटली देणार नाही ना? जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९९१ पासून रुग्णालयांसाठी दहा पायऱ्यांचा जो कार्यक्रम चालवला आहे, त्याचा गाभाही हाच आहे. उत्तरं गुळमुळीत आली तर आपली इच्छा कागदावर लिहून फाइलला लावा. आणि सोबत राहणाऱ्या माणसाला ती पाठ असू द्या, कारण त्या दिवशी तुमच्यात वाद घालण्याची ताकद नसेल.

पहिला तास

बाळ पुसून, कोरडं करून, उघड्या छातीवर पालथं. पाठीवर पांघरूण, मान एका कुशीला, नाक मोकळं आणि कुणाच्या तरी नजरेसमोर. बस्स. निरोगी बाळाचं वजन तासाभराने घेतलं तरी चालतं, अंघोळ तर २४ तास थांबू शकते. छातीवर ठेवलेलं बाळ आधी नुसतं पडून राहतं, मग मुठी चाटतं, पाय रेटतं आणि सरकत सरकत स्तनापाशी पोचतं. याला कधी वीस मिनिटं लागतात, कधी तास. घाई करून डोकं दाबून तोंड स्तनावर नेऊ नका. डोकं दाबलं की बाळ मान मागे टाकतं.

सिझेरियन झालं असेल आणि भूल फक्त कमरेखालची असेल, तर मदतीला माणूस असल्यास बाळ छातीवर घेता येतं. आई शुद्धीवर नसेल तर वडिलांची उघडी छाती ऊब द्यायला उत्तम.

बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल किंवा अतिदक्षता विभागात न्यावं लागलं, तर पहिला तास तुमच्या हातून निसटला असं वाटेल. तो निसटत नाही, त्याचं रूप बदलतं. शक्य तितक्या लवकर, सहा तासांच्या आत, हाताने चीक काढायला सुरुवात करा. अंगठा आणि बोटं काळसर भागाच्या थोडी मागे ठेवायची, आधी छातीकडे दाबायची, मग एकमेकांकडे. त्वचेवर घसरवायची नाहीत. दोन-चार थेंबच येतील. ते चमच्यात किंवा सिरिंजमध्ये धरायचे. हे दिवसरात्रीत आठ वेळा, त्यातलं एकदा तरी रात्री, कारण रात्री प्रोलॅक्टिन जास्त असतं. त्या थेंबांत रोगप्रतिकारक घटक ठासून भरलेले असतात. इवल्या बाळासाठी तेवढेही मोलाचे आहेत.

तोंडात नीट धरणं

माझं ठाम मत आहे की पाजण्यातल्या बहुतेक अडचणी इथून सुरू होतात: भेगा, गाठी, अपुरं वजन, तासन्‌तास चालणारं पाजणं. म्हणून ही पायरी सावकाश शिका.

१. आधी तुम्ही नीट बसा. पाठीला आधार, खांदे सैल. बाळाला स्तनाशी आणायचं, स्तन बाळाकडे वाकवायचा नाही. वाकून पाजणाऱ्या आईची पाठ आठवड्याभरात जाते.

२. बाळाचं पोट तुमच्या पोटाला चिकटलेलं असावं. कान, खांदा आणि कंबर एका रेषेत. मान वळवून गिळणं अवघड असतं. स्वतः खांद्यावरून मागे बघत पाणी पिऊन पाहा म्हणजे कळेल.

३. बाळाचं नाक बोंडासमोर आणा, तोंड नव्हे. बोंड वरच्या ओठाला हलकेच लावा आणि थांबा. जांभई दिल्यासारखा आ वासेपर्यंत थांबा.

४. तोंड मोठं उघडलं की बाळाला पाठीला धरून पटकन जवळ घ्या. आधी हनुवटी टेकेल, मग खालचा ओठ, बोंड टाळ्याच्या दिशेने जाईल.

५. आता पाहा: तोंड मोठं उघडं आहे, खालचा ओठ बाहेर वळलेला आहे, हनुवटी स्तनात रुतली आहे, आणि काळसर भाग खालच्या ओठापाशी कमी, वरच्या ओठावर जास्त दिसतोय. या चारही खुणा असल्या तर पकड चांगली आहे.

सुरुवातीला भराभर चोखणं, मग पान्हा फुटला की लांब, खोल ओढे आणि मध्ये मध्ये गिळण्याचा हलका "क्‌ह" आवाज. चक्‌चक्‌ आवाज येत असेल, गालांना खळगे पडत असतील किंवा दुखणं पहिल्या अर्ध्या मिनिटानंतरही टिकत असेल, तर पकड चुकली आहे. ओढून काढू नका. करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून हवा सोडा आणि पुन्हा लावा. दहा वेळा लावावं लागलं तरी दहाव्या वेळी लावा. पाजून झाल्यावर बोंड गोल दिसायला हवं. लिपस्टिकसारखं तिरपं, चपटं दिसलं तर ते चिमटलं गेलंय.

एक बाजू बाळ आपणहून सोडेल तेव्हा दुसरी द्या. घड्याळ लावून "दहा मिनिटं इकडे, दहा तिकडे" करू नका. पाजत राहिलं की दूध हळूहळू जास्त स्निग्ध होत जातं. मध्येच बाजू बदलली तर तो शेवटचा, पोट भरणारा भाग राहून जातो.

एवढं करूनही दुखत राहिलं, तर स्तनपान समुपदेशक किंवा या कामात मुरलेल्या नर्सला प्रत्यक्ष पाजताना दाखवा. फोनवर वर्णन करून हे सुटत नाही. जिभेखालचा पडदा आखूड असणं हेही एक कारण असू शकतं आणि ते तपासूनच कळतं.

पहिले पाच दिवस: मोजायचं काय

पहिल्या दिवशी बाळ एका वेळी २ ते १० मिलिलिटर दूध पितं. चमचाभर. म्हणजे ते "दोन थेंब" कमी नव्हते, तेवढीच गरज होती. वार पडली की शरीरातलं प्रोजेस्टेरॉन हे गरोदरपणातलं संप्रेरक झपाट्याने उतरतं आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान दूध भरून येतं. पहिलटकरणीला, सिझेरियननंतर, जास्त रक्तस्राव झाल्यास किंवा मधुमेह असल्यास एखादा दिवस उशीर होऊ शकतो. याच काळात बाळ सतत मागतं, विशेषतः दुसऱ्या-तिसऱ्या रात्री. ते भुकेने तडफडत असतं असं नाही. पुढच्या दिवसांची मागणी ते नोंदवत असतं. माझ्या बाळाने ती रात्रभर नोंदवली आणि आम्ही ती बाटलीने पुसून टाकली.

दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा पाजा. मूठ तोंडात घालणं, मान इकडेतिकडे फिरवणं, ओठ चाटणं ही भुकेची भाषा आहे. रडणं हा शेवटचा टप्पा, आणि रडणाऱ्या बाळाला पकड जमत नाही. आधी शांत करा, मग लावा. पहिल्या दोन आठवड्यांत, जन्माचं वजन परत येईपर्यंत, बाळ तीन तासांवर झोपलं तर उठवून पाजा.

स्तन किती भरलाय हे पाहू नका, तो फसवतो. दाबून किती निघतं तेही पाहू नका, कारण बाळ जेवढं ओढतं तेवढं हाताला येत नाही. लंगोट पाहा. पहिल्या दिवशी निदान एकदा शू, दुसऱ्या दिवशी दोनदा, तिसऱ्या दिवशी तीनदा, आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून सहा किंवा जास्त वेळा, फिकट रंगाची. शी आधी काळी-चिकट, मग हिरवट, आणि पाचव्या दिवसापर्यंत पिवळी. पहिल्या दोन दिवसांत लंगोटावर विटकरी डाग दिसला तर चालतो, पाचव्या दिवशी दिसला तर दूध कमी पोचतंय. वजन सुरुवातीला ७ ते १० टक्क्यांपर्यंत उतरू शकतं आणि दहा ते चौदा दिवसांत जन्माच्या वजनाइतकं होतं. त्यानंतर पहिल्या तीन महिन्यांत आठवड्याला साधारण १५० ते २०० ग्रॅम वाढ दिसायला हवी.

बाळ पाजायलाही उठत नाही, बारा तासांत शूच नाही, डोक्यावरची टाळू खोल गेली, पहिल्याच दिवशी कावीळ दिसली किंवा ती पायांपर्यंत उतरली, ताप ३८ अंशांवर गेला, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. त्याच वेळी दवाखान्यात न्या.

सहा आठवड्यांपर्यंत: खरी कमतरता आणि भासणारी

संध्याकाळी बाळ दोन-तीन तास सारखं स्तनाला चिकटून राहतं. दोन-तीन आठवड्यांच्या आसपास, सहाव्या आठवड्यात आणि तिसऱ्या महिन्यात अचानक मागणी वाढते. सहा आठवड्यांच्या सुमारास स्तन पूर्वीसारखे जड वाटेनासे होतात, दूध गळणं थांबतं. या तिन्ही गोष्टींना "दूध आटलं" असं नाव मिळतं आणि तिन्ही वेळा ते चुकीचं असतं. स्तनांना आता मागणीचा अंदाज आलेला असतो, एवढंच.

खरी कमतरता लंगोट आणि वजनकाटा दाखवतात. ती दिसली तर क्रम असा ठेवा: आधी पकड तपासून घ्या. मग पाजण्याच्या वेळा वाढवा, रात्रीचीही सोडू नका. बाळ पेंगायला लागलं की स्तन हाताने हलके दाबून धरा म्हणजे धार वाढते आणि ते पुन्हा गिळू लागतं. पाजून झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं हाताने किंवा पंपाने काढा. दिवसातून तास-दोन तास बाळाला उघड्या छातीवर घ्या. दोन-तीन दिवसांत फरक दिसायला लागतो. दिसला नाही तर थायरॉइड, रक्तातलं लोह, वार पूर्ण पडली आहे का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या. दूध वाढवणाऱ्या चूर्णांवर आणि गोळ्यांवर मी विसंबणार नाही; निघणाऱ्या दुधाइतकं दुसरं काही दूध वाढवत नाही.

आणि तरीही पावडरचं दूध द्यावं लागलं तर ते द्या, मान खाली घालून देऊ नका. भुकेलं बाळ हे कुठल्याच तत्त्वाचं यश नसतं. फक्त नीट बनवा. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून उकळलेलं पाणी अर्ध्या तासाच्या आत, ७० अंशांच्या खाली जाण्याआधी वापरा, मग गार करा. डब्यावर लिहिलेलं प्रमाण चमचाभरही बदलू नका. उरलेलं दोन तासांनी टाकून द्या. दर वेळी आधी अंगावर, मग वरचं, आणि जमेल तर वाटी-चमच्याने. वरचं जेवढं दिलं तेवढ्या वेळी स्तनातूनही काढलं, तर पुढे वरचं कमी करत आणता येतं. पहिल्या सहा महिन्यांत वेगळं पाणी मात्र लागत नाही, उन्हाळ्यातही नाही.

दुखलं, दाटलं, ताप आला

दूध भरून येताना स्तन ताठ, गरम, चकचकीत होतात. पाजण्याआधी दोन मिनिटं कोमट फडका, नंतर गार पट्टी. काळसर भाग इतका ताणला असेल की बाळाला धरता येत नाही, तर बोंडाभोवती बोटं ठेवून मिनिटभर छातीच्या दिशेने हलका, स्थिर दाब द्या. सूज मागे सरते आणि भाग मऊ होतो. हा साधा उपाय मला त्या चौथ्या सकाळी कुणी सांगितला असता तर फार रडणं वाचलं असतं.

एका जागी लाल, दुखरी गाठ, अंगदुखी, थंडी वाजून ताप, ही स्तनदाहाची लक्षणं. इथे जुना सल्ला बदलला आहे. गाठ जोरजोरात चोळू नका, त्याने आतली सूज वाढते. स्तन "पूर्ण रिकामा" करण्यासाठी जादा पंपही करू नका. जास्त काढलं की जास्त बनतं आणि दाटणं वाढतं. नेहमीइतकंच पाजत राहा, त्या दुधाने बाळाला अपाय होत नाही. गार शेक, विश्रांती, आणि डॉक्टरांना विचारून आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल. २४ तासांत उतार नाही पडला तर प्रतिजैविकं लागू शकतात, पळवाट शोधू नका. पाजणं एकदम थांबवलं तर गळू होण्याचा धोका वाढतो.

सर्दी, ताप, जुलाब झाले म्हणून पाजणं सोडायचं नसतं. आईच्या शरीरात बनलेली प्रतिपिंडं दुधातून बाळाला मिळतात. न पाजण्याची कारणं थोडी आहेत: बाळाला गॅलॅक्टोसेमिया (दुधातल्या साखरेचा एक घटक शरीराला वापरता न येण्याचा जन्मजात आजार), आईला केमोथेरपी किंवा किरणोत्सारी आयोडिन, स्तनावर नागिणीसारखे हर्पीसचे फोड असतील तर ती बाजू. एचआयव्ही आणि क्षयरोगात निर्णय उपचारांवर ठरतो, तो डॉक्टरांसोबत घ्यावा. कोडीन असलेली वेदनाशामकं टाळा. बाकी बहुतेक औषधांना पर्याय असतो. "औषध चालू आहे, दूध बंद करा" असं कुणी म्हटलं तर पर्याय आहे का, हे नक्की विचारा.

आईची बाजू

पाजणाऱ्या शरीराला रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त लागतात. वजन उतरवण्याची ही वेळ नाही. तहानेप्रमाणे पाणी प्या. मारून मुटकून जास्त प्यायल्याने दूध वाढत नाही. विशिष्ट पदार्थांची लांबलचक बंदीही बहुतेकींना लागत नाही.

पहिल्या काही दिवसांत उगाच रडू येणं फार जणींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही उदासी टिकली, बाळ झोपलं तरी झोप येत नसेल, बाळाविषयी काहीच वाटेनासं झालं असेल, तर ते प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत आणि पाजत असतानाही घेता येतात. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले तर एकटं राहू नका, जवळच्या माणसाला त्याच क्षणी सांगा आणि दवाखाना गाठा. काही जणींना पान्हा फुटताना दोन-तीन मिनिटं अचानक मन बुडाल्यासारखं होतं आणि लगेच निवळतं. ते संप्रेरकांमुळे होतं. त्याला नाव आहे, ते तुमच्या मायेचं मोजमाप नाही.

घरच्यांसाठी: पाजणं एकटीचं काम असलं तरी बाकीचं कुणाचंही असू शकतं. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, पहाटे बाळाला घेऊन दोन तास दुसऱ्या खोलीत बसणं. "दूध आलं का?" विचारण्यापेक्षा "जेवलीस का?" विचारा. आणि पाजता पाजता सोफ्यावर तिला डुलकी लागताना दिसली तर बाळ उचलून घ्या. सोफ्यावर बाळासोबत झोपणं धोक्याचं आहे. बाळ झोपवायचं ते उताणं, सपाट, टणक गादीवर, उशी-पांघरुणांच्या गराड्याशिवाय.

संततिनियमनाचं एक नेमकं गणित आहे. बाळ सहा महिन्यांहून लहान, पाळी परत आलेली नाही, आणि दिवसा चार तास, रात्री सहा तासांहून मोठा खंड न पाडता फक्त अंगावरच पाजताय, तर गर्भधारणेपासून सुमारे ९८ टक्के संरक्षण मिळतं. तीनपैकी एक अट मोडली की दुसरं साधन हवं.

कामावर परतताना

रुजू होण्याआधी दोन-तीन आठवडे तयारी सुरू करा. सकाळच्या पाजण्यानंतर एकदा पंप करून थोडा साठा करा. फ्रीजर भरण्याच्या मागे लागू नका. आदल्या दिवशी काढलेलं दुसऱ्या दिवशी पुरलं की झालं. एक ते सहा महिन्यांचं बाळ दिवसाला साधारण ७५० ते ८०० मिलिलिटर दूध पितं, त्यावरून तुमच्या गैरहजेरीतल्या तासांचा अंदाज बांधा.

कामाच्या जागी जितक्या वेळा बाळाने प्यायलं असतं तितक्या वेळा, साधारण दर तीन तासांनी, काढा. ताजं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास, फ्रीजमध्ये ४ दिवस, फ्रीजरमध्ये ६ महिने उत्तम टिकतं. खोली गरम असेल तर चार तासांवर भिस्त ठेवू नका, लगेच बर्फाच्या पिशवीत ठेवा. फ्रीजमध्ये वितळवलेलं २४ तासांत संपवा, पुन्हा गोठवू नका. मायक्रोवेव्ह नको, गरम पाण्यात भांडं ठेवा. वर साय येऊन खाली पातळ राहिलं तर ते नासलेलं नाही, हलकेच फिरवा.

पंप नेमका योग्य मापाचा नसेल तर दूधही कमी येतं आणि बोंडंही सोलतात. बोंड नळीत मोकळेपणाने हलायला हवं.

सहा महिन्यांनंतर

सहा महिने पूर्ण झाले की जन्मासोबत आणलेला लोहाचा साठा संपत येतो, म्हणून वरचं खाणं. मान स्थिर, आधाराने बसणं, चमचा आत गेल्यावर जिभेने बाहेर न ढकलणं, या तयारीच्या खुणा. दोन-तीन चमचे मऊ कुस्करलेलं अन्न, दिवसातून दोनदा. आठ महिन्यांपर्यंत दोन-तीन वेळा, त्यानंतर तीन-चार वेळा आणि मधलं खाणं. नीट शिजवलेल्या डाळी, पालेभाज्या, अंडं, मांस-मासे यांतून लोह द्या. पाणीदार पेज पोट भरते पण पोसत नाही. चमच्यावरून ओघळणार नाही इतकं घट्ट असू द्या. मध वर्षाच्या आत अजिबात नको, त्यातले जंतू बाळाला घातक ठरू शकतात. आख्खे दाणे आणि आख्खी द्राक्षं घशात अडकतात, पाच वर्षांपर्यंत टाळा.

दूध कमी करायचं नाही. सहा ते बारा महिन्यांत बाळाची निम्मी किंवा जास्त ऊर्जा अजूनही अंगावरच्या दुधातून येते, दुसऱ्या वर्षी सुमारे एक तृतीयांश. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षं आणि त्यापुढेही पाजायला सुचवते ते यासाठीच.

दात आल्यावर बाळ चावतं. दूध ओढताना खालचे दात जिभेखाली झाकलेले असतात, त्यामुळे चावणं बहुतेक पाजण्याच्या शेवटी, कंटाळल्यावर होतं. ओढण्याचा ताल थांबला की करंगळी घालून काढून घ्या. चावलंच तर मागे खेचू नका, बाळाला क्षणभर स्तनाकडे घ्या म्हणजे तोंड उघडतं. किंचाळलात तर काही बाळं दोन दिवस स्तनाला तोंडच लावत नाहीत.

दूध सोडवताना

कधी सोडवायचं हे तुम्ही आणि मूल मिळून ठरवा. घाई नसेल तर आठवड्याला एकच वेळ कमी करा. आधी दुपारची, जिची मुलाला फारशी आठवण नसते ती. झोपण्याआधीची शेवटी. आपणहून देऊ नका, मागितलं तर नाकारू नका, हे बहुतेक मुलांना पुरतं. दीड-दोन वर्षांच्या मुलाला "जेवण झाल्यावर", "उजाडल्यावर" हे कळतं, आणि ठरवल्याप्रमाणे उजाडल्यावर खरोखर दिलं तर ते विश्वासाने थांबतं. नेहमीच्या खुर्चीत बसू नका. त्या वेळेला बाहेर फिरणं, गोष्ट, वडिलांजवळ झोपणं असं काही द्या. स्तनाला कडू लावून किंवा दोन दिवस घर सोडून जाऊन तोडणं मला पटत नाही. मुलाच्या डोळ्यांसमोरून दूध आणि आई एकाच वेळी नाहीशी होते. आजारपणात, घर बदलताना किंवा नवं भावंडं येण्याच्या तोंडावर हे सुरू करू नका.

स्तन दाटले तर आराम पडेल इतकंच काढा, पूर्ण नको. दूध थांबवतानाही नियम तोच. प्रोलॅक्टिन उतरल्यामुळे काही आठवडे मन हळवं होऊ शकतं. ते वाढत गेलं तर डॉक्टरांशी बोला. शेवटचं पाजल्यानंतरही बरेच आठवडे दाबल्यावर एखादा थेंब येतो, त्याची काळजी नको. मात्र दोन आठवड्यांत न विरघळलेली गाठ, किंवा थेंबात रक्त दिसलं, तर दाखवून घ्या.